सकाळी बोटं आखडतात त्यांच्यासाठी

आमच्या आईला आरएचा (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते) संधिवात आहे, सकाळी तासभर तरी बोटं वळतच नाहीत आणि परभणीच्या थंडीत भाकरी थापायची म्हणजे लई त्रास.

१. उठल्या उठल्या कामाला लागू नका, पसरट पातेल्यात सोसेल इतकं कोमट पाणी घेऊन 10 मिनिटं दोन्ही हात बुडवून ठेवा आणि पाण्यातच मूठ हळूहळू उघडा-मिटा, जोर अजिबात लावायचा नाही.

२. उलथन्याच्या दांड्याला जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळून जाड करा, मग आवळून धरावं लागत नाही. आईला यानं खरंच बरं पडलं.

सांधा लाल, गरम, सुजलेला असला तर मात्र गरम पाणी नको, गार पाण्याची घडी ठेवा. अन् आराम पडला म्हणून डॉक्टरच्या गोळ्या मनानं बंद करू नका.