वरूडच्या उन्हाळ्यात स्पेनची रेड वाइन चाखायची तर

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं सगळे सांगतात. आमच्या वरूडला मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या आसपास पारा असतो. एवढ्या तापलेल्या वाइनमधून नाकात नुसतं अल्कोहोल चढतं. स्पेनच्या रियोहा भागातल्या, वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांच्या मिश्र वाइनला १६ ते १८ अंश हवेत. तेव्हा बाटली दोन-अडीच तास फ्रिजमध्ये ठेवा, आणि ग्लासात थोडी थोडीच ओता.

स्टीलचा पेला नको. वर निमुळता होणारा काचेचा ग्लास घ्या, तिसरा हिस्साच भरा आणि पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. कडेला जांभळी झाक म्हणजे वाइन कोवळी, विटकरी झाक म्हणजे मुरलेली. लेबलवर ‘क्रियांझा’ असेल तर ती किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष ओक लाकडाच्या पिंपात.

वासाला मात्र भरपूर वेळ द्या. आधी ग्लास न हलवता, मग गोल फिरवून. वर्णनांत चेरी, रासबेरी लिहिलेलं असतं. ती फळं आपल्या गावात कोण खातं? आपण ज्या वासांत वाढलो त्यांचीच नावं द्यावीत, हे माझं ठाम मत आहे. मी संत्र्याचा बगीचा करतो, बहार फुटला की आधी नाकाला कळतं. टेम्प्रानिलो या रियोहाच्या मुख्य द्राक्षाच्या वाइनमध्ये मला पिकलं जांभूळ, सुका तंबाखू, कोरं चामडं सापडतं. पिंप अमेरिकन ओकचं असेल तर सुकं खोबरं आणि व्हॅनिला. तुम्हाला वेगळं काही आलं तर तेच वहीत लिहा.

घोट तोंडात घोळवा. जबड्याशी पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आवळा चावल्यासारख्या ओढल्या गेल्या तर ते टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट अंश. द्राक्षांच्या मिश्रणाची खरी गंमत इथे कळते: टेम्प्रानिलो बांधा देते, गार्नाचा पिकल्या फळाचा भरदारपणा आणते, ग्रासियानो आंबटपणा आणि सुगंध, माझुएलो तुरटपणा. अर्ध्या तासाने तोच ग्लास पुन्हा चाखा. हवा लागून वास उघडलेला असतो.

सोबत सावजी मटण नको, तिखटावर अल्कोहोल आणखी जळजळतं आणि फळाची चव हरवते. चुलीत भाजलेल्या वांग्याचं बेताच्या मिरचीचं भरीत करा. त्याचा धुरकट वास ओकशी छान जुळतो.

उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. पण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिकडच्या सोयऱ्यांकडे बाटली नेऊ नका.