स्वतःच्या फिल्मची डिस्क विकताय? या चुका टाळा

“यात्रा आठ दिवसांवर आलीय, डिस्क कॉपी करा आणि कव्हरही छापून द्या,” म्हणत निर्माते माझ्याकडे येतात. मी आधी विचारतो, गाण्यांच्या हक्कांचे कागद कुठे आहेत? बहुतेकांकडे नसतात. कॅमेरा आपला, पैसा आपला, म्हणजे फिल्ममधलं सगळंच आपलं, असं त्यांनी धरलेलं असतं.

सगळ्यात महागात पडतो तो तोंडी व्यवहार. जळगावकडच्या काही हौशी पोरांनी विनोदी फिल्म केली होती. शीर्षकगीत गावातल्याच कवीचं. त्याच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले आणि विषय संपला. पुढे कवीनं तेच गाणं एका म्युझिक कंपनीला रीतसर लिहून दिलं. त्याच्या मनात खोट नव्हती. यांना फिल्मपुरतं दिलंय, त्यांना ऐकण्यापुरतं, अशी त्याची समजूत. कंपनीची नोटीस नेमकी यात्रेच्या तोंडावर आली. डिस्कच्या गोण्या भरलेल्या तशाच राहिल्या. कव्हरच्या मागं त्या गाण्याचं नाव छापलेलं, म्हणून पोरं रात्रभर पाकिटांतून कव्हरं उपसत बसली होती. गाणं कापावं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेल्या फिल्ममध्ये बदल होतो, आणि तो बोर्डाला कळवावा लागतो. तेवढ्यात यात्रा उरकली.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ याबाबत स्वच्छ आहे. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशातल्या मराठी मंडळांना डिस्क पाठवणाऱ्यांनी हे प्रदेशाचं पुन्हा वाचावं. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात तशी सवलत नसेल, तर तेही हातचे जातात.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक गोष्ट आली. फिल्ममधल्या गाण्याचा गीतकार आणि संगीतकार चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देऊ शकत नाहीत. “सर्व हक्क कायमचे दिले” असं लिहून घेऊन हा वाटा बुडत नाही, आणि बुडवूही नये. गाणं त्यांच्या कष्टाचं असतं.

माझी पद्धत साधी आहे. रेकॉर्डिंगच्या आधी कागद, मग माइक. त्यात गाण्याचं आणि फिल्मचं नाव, डिस्क, टीव्ही, इंटरनेट असं एकेक माध्यम, मुदत, प्रदेश, रक्कम, रॉयल्टी आणि सह्या. “आपलाच माणूस आहे, कागद कशाला?” हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. कलाकारांकडूनही तसंच लेखी घ्या.

दुसरी चूक कव्हरची. फोटो भडक, नावं मोठाली, आणि कायद्याला हवं ते कुठेच नाही. कलम ५२ए नुसार फिल्म बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, आवश्यक परवानग्या घेतल्याची त्याची घोषणा आणि कॉपीराइट मालकाचं नाव-पत्ता हे फिल्म दाखवताना, डिस्कवर आणि तिच्या वेष्टनावर असावं लागतं. सेन्सॉर प्रमाणपत्र लागू असेल तर त्याची प्रतही. हे न करता प्रकाशित केलं तर कलम ६८ए खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. नुसता मोबाइल नंबर म्हणजे पत्ता नव्हे. घोषणा खोटी असेल असं वाटलं तर मी काम परत करतो, गिऱ्हाईक कितीही जुनं असो. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय कव्हर छापायला टाकू नका. घाईनं छापलेला गठ्ठा रद्दीतच जातो.

“दुसऱ्याचं गाणं तीस सेकंदांपर्यंत चालतं” असा नियम कायद्यात कुठेच नाही. हळदीच्या प्रसंगात मागं वाजणारं हिंदी गाणं असलं तरी परवानगी लागते. श्रेयनामावलीत नाव टाकणं म्हणजे परवानगी नव्हे. जुनं गाणं नव्या आवाजात गाऊन घेतलं तरी सुटका नाही: कव्हर व्हर्जनची, म्हणजे जुनं गाणं असं पुन्हा गाऊन काढण्याची, कायद्यातली सोय फक्त ध्वनिमुद्रणाला आहे, फिल्मला नाही.

लहान मुलं असतील तर शूटिंगआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, आणि मिळकतीतले किमान वीस टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे. बैल, घोडा, कुत्रा दाखवणार असाल तर प्राणी कल्याण मंडळाची मंजुरी. ड्रोन उडवून रायगड किंवा शिवनेरी टिपणाऱ्यांना वाटतं किल्ला सगळ्यांचाच. पण ही स्मारकं पुरातत्त्व खात्याची संरक्षित आहेत, आणि शूटिंगचा अर्ज त्या खात्याकडे आधी करायचा असतो. तो मंजूर होईपर्यंत तारीख ठरवू नका.