जुन्या फियाटचा स्टिअरिंग शाफ्ट बदलताना

स्टिअरिंग बॉक्सपासून (पुढची चाकं वळवणारा गिअरचा डबा) स्टिअरिंगच्या चाकापर्यंत सलग लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, असला की समोरून धडक बसल्यावर तो सरळ छातीवर येतो. म्हणून मधला भाग कापून आत सरकणारा दुपदरी शाफ्ट आणि दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणारे सांधे) बसवले.

आधी बॉक्सकडच्या आणि स्टिअरिंगकडच्या टोकांचे दाते (जॉइंट ज्यावर बसतो त्या उभ्या खाचा) मोजा, व्यास व्हर्नियरने घ्या. पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानात ‘बसेल हो’ म्हणून दिलेला जॉइंट एका दात्याने चुकला की संपलं. ठोकून बसवू नका. जुना शाफ्ट वेल्डिंग करून जोडण्याचा स्वस्त उपाय तर नकोच, कारण वेल्डच्या कडेलाच तडा जातो. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये शाफ्टवर हवे तसे दाते पाडून मिळतात.

खरी मेख जॉइंटच्या दिशेत आहे. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे (जॉइंटचे दुबेळके भाग) एका रेषेत हवेत. माझे पहिल्यांदा ९० अंशांनी फिरले होते: एका फेरीत स्टिअरिंग दोनदा जड, दोनदा हलकं. प्रत्येक जॉइंटचा कोन ३० अंशांच्या आत ठेवा, दोन्ही शक्यतो सारखे. तिसरा जॉइंट लागलाच तर आधाराला बेअरिंग हवंच. शाफ्टचं टोक जॉइंटच्या क्रॉसला (मधल्या फुलीला) टेकू देऊ नका, अडकतं.

सेटस्क्रूसाठी (जॉइंट शाफ्टवर धरून ठेवणारा स्क्रू) शाफ्टवर खळगा पाडा, लॉकनट लावा. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सायलेन्सरच्या पाइपला कुठे घासतंय का, ते टॉर्चने पाहा. १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. त्याआधी कात्रज घाट नको.