पायताणाच्या दुकानात एआय मदतनीस बसवताना

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी लोटली की कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत (चपलांच्या दुकानांच्या रांगेत) गल्ल्यावरच्या माणसाला श्वास घ्यायला उसंत नसते. नेमकं तेव्हाच व्हॉट्सॲपवर पुणे, बंगळुरू, अमेरिकेहून विचारणा येत राहतात. त्यांची उत्तरं लिहायला चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांपैकी कुठलाही मदतनीस चालतो. कुठला घ्यावा यावर डोकं खपवू नका. खरी मेहनत माहितीच्या कागदाची आहे. कागद अर्धवट असेल तर मदतनीस मोकळ्या जागा मनाने भरतो, तेही इतक्या सफाईने की वाचताना शंका येत नाही. पुढे कुठला शब्द बसेल याचा अंदाज बांधत तो वाक्य रचतो. तुमच्या खुंटीला कुठला जोड टांगलाय, हे त्याला दिसत नाही.

कागद दोन पानांचा पुरतो. पहिल्या पानावर माल: जोडाचा नंबर, प्रकार, रंग, हाताशी असलेले साईज, करसहित किंमत. दुसऱ्या पानावर कुरियरचा खर्च, माप चुकल्यास बदलून देण्याची मुदत, दुकानाची वेळ आणि शब्दांचे अर्थ. हे अर्थ टाळू नका. ‘कापशी’ हा चपलेचा प्रकार आहे, त्याचा कापसाशी संबंध नाही. ‘कान’ म्हणजे तळाला बाजूने जोडलेलं पातळ चामडं. ‘पायताण’ म्हणजे चप्पलच. एवढं लिहून दिलं नाही तर इंग्रजी उत्तरात कापशीचं कॉटन आणि कानाचा माणसाचा कान व्हायला वेळ लागत नाही.

कागदाच्या सगळ्यात वर हा नियम ठेवा: ‘यात नसलेली किंमत, साईज किंवा तारीख सांगायची नाही, दुकानात विचारून कळवतो, असं लिहायचं.’ हा कागद दरवेळी चिकटवण्यापेक्षा चॅटजीपीटी किंवा क्लॉडमध्ये ‘प्रोजेक्ट’ करून त्यात ठेवा, जेमिनायमध्ये ‘जेम’ करा; दोन्ही म्हणजे कागद कायमचा जोडून ठेवायची सोय. प्रत्येक ग्राहकासाठी नवीन चॅट उघडा. एकाच चॅटमध्ये दिवसभराच्या विचारणा कोंबल्या की एकाचा साईज दुसऱ्याच्या उत्तरात घुसतो. शिवाय मदतनीस मजकूर छोट्या तुकड्यांत मोडून वाचतो आणि एका चॅटमध्ये ठरावीक तुकडेच मावतात. देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे चॅटची जागाही लवकर भरते.

भाषेचं काय? नुसतं ‘मराठीत लिही’ म्हटलं की ‘प्रिय ग्राहक, आपल्या मौल्यवान चौकशीबद्दल मनःपूर्वक आभार’ असलं काहीतरी येतं. कोल्हापुरात असं बोललं तर समोरचा मागे वळून बघेल, कुणाला म्हणतोय म्हणून. तुम्हीच पूर्वी पाठवलेली दहा चांगली उत्तरं नमुना म्हणून कागदाला जोडा. ‘साध्या भाषेत लिही’ या सूचनेपेक्षा नमुन्यांचा परिणाम कितीतरी जास्त होतो. नमुने देताना त्यातली नावं, फोन नंबर, पत्ते आधी काढून टाका.

कागद नसला की उत्तर कसं बिघडतं, ते करकरीच्या तक्रारीत नीट दिसतं. मुंबईचा ग्राहक लिहितो, ‘चालताना चपलेचा आवाज येतो, जोड खराब आहे का?’ कागद नसलेला मदतनीस लिहितो: ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आम्ही जोड बदलून देऊ.’ इथे दोन चुका एकदम झाल्या. करकर वाजणारं पायताण मुद्दाम करून घेतात, तो दोष नव्हे. आणि बदलून देण्याचा शब्द दुकानाने दिलेलाच नव्हता. मदतनिसाला माफी मागायची आणि समोरच्याचं म्हणणं मान्य करायची फार सवय. म्हणून कागदात लिहा: ‘आवाजाची तक्रार आली तर आधी जोडाचा नंबर विचार. तो करकरीचा असेल तर तसं सांग. नसेल तर छोटा व्हिडिओ मागव. बदलून देण्याबद्दल स्वतः काही कबूल करू नकोस.’ मग उत्तर येतं: ‘दादा, जोडाचा नंबर सांगा. करकरीचा जोड असेल तर आवाज मुद्दाम काढलेला असतो. नसेल तर चालतानाचा व्हिडिओ पाठवा, बघून सांगतो.’ हे पाठवण्याजोगं आहे.

साईज चुकल्यामुळे सगळ्यात जास्त जोड परत येतात. आपल्याकडचे नंबर बहुतेक ब्रिटिश मापाचे. अमेरिकेतल्या पुरुषाने ‘८’ सांगितलं तर ते आपलं साधारण ७, बाईने सांगितलं तर साधारण ६. मदतनीस हे कधी लक्षात घेतो, कधी नाही. म्हणून नंबर विचारूच नका, सेंटिमीटर मागा. ग्राहकाला पाठवायचा मजकूर एकदाच तयार करा: ‘संध्याकाळी कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावून उभे राहा, सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिल सरळ धरून खूण करा. दोन्ही पायांचं माप घ्या, मोठं कळवा.’ संध्याकाळी अशासाठी की दिवसभरात पाय थोडे फुगतात. सेंटिमीटरवरून नंबर तुमच्याच तक्त्यातून काढायला सांगा. तक्ता नसेल तर फर्म्यावरून (चपलेच्या साच्यावरून) आधी करून घ्या. नवा जोड पहिले काही दिवस आवळतो, मग चामडं सैल होतं. हेही कागदात हवं, नाहीतर मदतनीस सरसकट ‘एक नंबर मोठा घ्या’ म्हणतो आणि महिन्याभरात टाच घसरायला लागते.

कराचा प्रश्न त्याच्या आठवणीवर सोडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या जोडाला १८ टक्के. त्याआधी १००० रुपयांपर्यंत १२ आणि पुढे १८ होता. ज्याला शिकवायला वापरलेली माहिती त्याआधीची आहे तो मदतनीस जुना दर अगदी ठामपणे सांगतो. दर कागदात लिहा आणि गणित कॅल्क्युलेटरवर करा. करसहित २१०० रुपयांचा जोड असेल तर २१०० ला १.०५ ने भागायचं: माल २०००, कर १००. थेट २१०० वर ५ टक्के काढले की १०५ येतात आणि बिल चुकतं.

मालाचं वर्णन लिहून घेतलंत तर विशेषणांवर कात्री चालवा. ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ हे तर आधी खोडा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं पावसात भिजलं की डागाळतं, सावलीत वाळवावं लागतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पण म्हणून प्रत्येक दुकानाने ‘जीआय प्रमाणित’ लिहायचं नसतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच ते ठेवा.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मदतनिसाला दाखवून ‘खरा आहे का’ विचारू नका. त्याला बँकेत डोकावता येत नाही. खात्यात जमा दिसल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही.

ग्राहकांसमोर आणण्याआधी एका दुपारी स्वतःच ग्राहक होऊन त्याला छळा. भाव पाडा, शुद्धलेखन सोडून लिहा, ‘लई महाग हाय की वो’ म्हणा. एक प्रश्न खोटा टाका: ‘कालच तुम्ही म्हणालात ४० टक्के सूट आहे, ती हिरव्या कापशीवर लागू का?’ हिरवी कापशी कागदात नाही, सूटही नाही. तो ‘हो, नक्की’ म्हणाला तर वरच्या नियमात सूट हा शब्द घाला, नवीन चॅट उघडा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. सलग पाच वेळा त्याने ‘दुकानात विचारून कळवतो’ म्हटलं की सुरू करा. पहिला महिना मात्र प्रत्येक उत्तर आधी तुम्ही वाचायचं आणि मगच पाठवायचं.