अशोकाच्या पश्चात्तापावर लिहिताना या चुका टाळा

शालेय वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण करताना गिरगावपासून बोरिवलीपर्यंत मी एकच अशोक ऐकत आलो आहे: कलिंगच्या (आजच्या ओडिशातल्या) युद्धात दया नदी रक्ताने लाल होते, सम्राट तलवार फेकतो आणि टाळ्या पडतात. यातले काहीही त्याच्या शिलालेखांत नाही.

सर्वांत ठळक चूक मात्र मी स्वतः केली आहे. एका शाळेच्या प्रदर्शनातील फलकावर मी ‘धौलीच्या शिळेवर कोरलेला पश्चात्ताप’ असे झोकात लिहिले होते. तिसऱ्या दिवशी पाली भाषेचे एक निवृत्त शिक्षक आले, फलक दोनदा वाचला आणि हळू आवाजात म्हणाले, “धौलीला हे आपण कुठे वाचलेत?” घरी जाऊन पाहिले, तर अशोकाच्या चौदा मोठ्या शिलालेखांपैकी कलिंगविजयाची खंत सांगणारा तेरावा लेख शाहबाजगढी, कालसी, येर्रगुडी येथे आहे, खुद्द कलिंगातल्या धौली आणि जौगड येथे तो वगळला आहे. त्याऐवजी तिथे ‘सर्व माणसे माझी अपत्ये’ म्हणणारे आणि कोणालाही अकारण कैद किंवा छळ होऊ नये असे अधिकाऱ्यांना बजावणारे स्वतंत्र लेख आहेत. ज्यांचे घरदार उद्ध्वस्त झाले त्यांच्यासमोर राजाने खंत कोरली नाही, हीच खरी विचार करण्याजोगी गोष्ट मी एका सुबक वाक्याच्या मोहात गमावली होती. दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली.

कलिंगयुद्धाबाबत सांगितला जाणारा दीड लाख हा आकडा मृतांचा नव्हे, पकडून नेलेल्यांचा आहे. लढाईत एक लाख मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मेली, असे लेख सांगतो.

हृदयपालट एका संध्याकाळी उरकण्याची नवशिक्यांना फार घाई असते. बौद्ध उपासक झाल्यावरही पहिले वर्षभर आपण फारसा उत्साह दाखवला नाही, अशी कबुली लघुशिलालेखात अशोकच देतो. त्याने कलिंग परत केले नाही. त्याच तेराव्या लेखात अरण्यवासीयांना आपल्या सामर्थ्याची आठवण करून दिली आहे, आणि राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी कोरलेल्या स्तंभलेखात देहदंड रद्द नसून तो झालेल्यांना फक्त तीन दिवसांची मुदत आहे.

माझी सवय साधी आहे: प्रत्येक वाक्यासमोर समासात लेखाचे ठिकाण आणि क्रमांक लिहितो, आणि क्रमांक सापडला नाही तर वाक्य खोडतो. मुंबईकरांनी तर सुरुवात सोपाऱ्यापासून (आजच्या नालासोपाऱ्यापासून) करावी. तिथे 1882 मध्ये सापडलेला तुकडा आठव्या लेखाचा आहे, आणि त्या लेखात शिकारीच्या सहलींऐवजी धम्मयात्रा, म्हणजे धर्मासाठीचे दौरे, सुरू झाल्याची हकिगत आहे. कलिंगाचे त्यात नावही नाही.