पोकर साइटवरून पैसे काढताना अडकू नये म्हणून काय बघायचं, आणि अडकलेच तर काय करायचं

स्क्रीनवर कोपऱ्यात दिसणारा बॅलन्स म्हणजे तुमच्याकडचे पैसे नाहीत, साइट तुमचं तेवढं देणं लागते एवढाच त्याचा अर्थ. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजत जातं, कारण मग प्रश्न "माझे पैसे कुठे आहेत" असा राहत नाही, "हे देणं फेडायची त्यांची ऐपत आणि नियत आहे का" असा होतो. मला हे पैसे अडकल्यावर कळलं. एका साइटवर माझा विड्रॉल, म्हणजे पैसे काढायची मागणी, सात आठवडे पेंडिंग होता, रोज सकाळी डोळे उघडले की आधी तेच पेज उघडायचो, आणि शेवटी पैसे आले ते तीन तुकड्यांत. तेव्हा जी शोधाशोध केली ती दुसऱ्या कुणाला करावी लागू नये म्हणून हे लिहितोय.

ऐपतीचा विषय निघाला की फुल टिल्ट पोकर या साइटचं उदाहरण द्यावंच लागतं. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने मोठ्या पोकर साइट्सवर एकाच दिवशी कारवाई केली, त्यात फुल टिल्ट आणि पोकरस्टार्स दोन्ही होत्या. पोकरस्टार्सने आपल्या अमेरिकन खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांत द्यायला घेतले पण फुल टिल्टला ते जमेना, आणि मग बाहेर आलं की मार्च २०११ अखेर खेळाडूंचं देणं होतं साधारण ३९ कोटी डॉलर आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी! खेळाडूंचे पैसे कंपनीच्याच खर्चात आणि मालकांच्या खिशात गेले होते, शिवाय खेळाडूंच्या बँकेतून प्रत्यक्षात न आलेले डिपॉझिटसुद्धा खात्यात जमा दाखवले जात होते, म्हणजे टेबलावर लोक जे पैसे जिंकत हरत होते त्यातले बरेचसे अस्तित्वातच नव्हते. पुढे २०१२ मध्ये पोकरस्टार्सने ती कंपनी घेतली म्हणून पैसे परत मिळाले, तरी अमेरिकन खेळाडूंना पहिला हप्ता मिळायला फेब्रुवारी २०१४ उजाडलं. आणि फुल टिल्टकडे इंग्लिश खाडीतल्या ऑल्डर्नी बेटाच्या जुगार नियामकाचं लायसन्स होतं बरं का, त्यामुळे नुसतं लायसन्सचं चिन्ह बघून निश्चिंत होऊ नका.

म्हणून डिपॉझिट करायच्या आधी अटींच्या पानावर जाऊन दोन गोष्टी शोधा, खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवतात का, आणि कंपनी बुडाली तर त्या पैशांचं काय होतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वेगळं बँक खातं आहे म्हणजे दिवाळखोरीत ते सुरक्षितच राहतं असं नाही, कंपनी ज्यांचं देणं लागते असे बाकीचे लोकही त्यावर हक्क सांगू शकतात. ट्रस्टमध्ये ठेवलेले असतील तर गोष्ट वेगळी. ब्रिटनच्या जुगार आयोगाचा नियम आहे की साइटने संरक्षणाची पातळी स्पष्ट लिहायलाच हवी, संरक्षण नाही, मध्यम किंवा उच्च, आणि "संरक्षण नाही" असं लिहूनही साइट कायदेशीरपणे चालू राहू शकते, फक्त ते सांगावं लागतं. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरचा नियामक खेळाडूंचे पैसे ट्रस्टसारख्या व्यवस्थेत ठेवायला लावतो. ज्या साइटच्या अटींमध्ये याबद्दल अवाक्षर नाही तिथे मी तरी पैसे टाकत नाही.

आता बॅलन्स वाचायचा कसा. एकच आकडा दिसत असला तरी त्याच्या पोटात चार पाच प्रकारचे पैसे असतात आणि सगळे काढता येत नाहीत. खरी कॅश, बोनसची रक्कम, टूर्नामेंटची तिकिटं, टेबलावर घेऊन बसलेले चिप्स, आणि ज्या टूर्नामेंटला नाव नोंदवलंय तिथे अडकलेली फी. कॅशियरमध्ये, म्हणजे साइटवर पैसे टाकायच्या-काढायच्या पानावर, "काढता येण्याजोगी रक्कम" असा वेगळा आकडा असतो तोच खरा धरा. तिकिटं बहुतेक ठिकाणी कॅश करून मिळत नाहीत. बोनसचं पोकरमध्ये असं असतं की तुम्ही रेक (डावांमधून साइट कापून घेते तो वाटा) भरत जाल तसा तो तुकड्या तुकड्याने सुटतो, आणि मध्येच विड्रॉल टाकला तर काही साइट उरलेला बोनस रद्द करतात, त्यामुळे बोनस घेताना ही ओळ नक्की वाचा आणि पटत नसेल तर बोनस घेऊच नका, सरळ नको म्हणून सांगता येतं.

बोनस नसला तरी बऱ्याच साइट म्हणतात की डिपॉझिट केलेली रक्कम निदान एकदा तरी खेळायला हवी. यात लगेच फसवणूक बघू नका, काळा पैसा आत टाकून दुसऱ्या दाराने बाहेर काढू नये म्हणून तो नियम असतो. तसंच पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने आधी परत जातात, जिंकलेले वरचे पैसे मग दुसऱ्या मार्गाने. घोळ इथे होतो की काही कार्डांवरून आणि व्हाउचरवरून डिपॉझिट घेतात पण त्यावर पैसे परत पाठवता येत नाहीत, म्हणून डिपॉझिटचा मार्ग निवडतानाच विचारा की विड्रॉल कशावर येणार. कमीत कमी किती, एका वेळी जास्तीत जास्त किती, आठवड्याला महिन्याला किती आणि फी किती, हे चार आकडे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट. अटी बदलतात आणि मग आधी काय लिहिलं होतं ते सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं.

केवायसी पहिल्याच दिवशी उरका. लोक जिंकेपर्यंत थांबतात आणि मग घाईत कागदपत्रं पाठवतात. खात्यावरचं नाव ओळखपत्रावर आहे अगदी तसंच, अक्षर न् अक्षर, बँक खातं किंवा वॉलेट स्वतःच्याच नावाचं, भावाचं किंवा मित्राचं चालत नाही, पत्त्याचा पुरावा अलीकडचा, आणि फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. दुसऱ्या देशातून व्हीपीएन (आपलं खरं ठिकाण लपवणारी सोय) लावून खेळणं, एकाच घरातून दोन खाती, हे केलं असेल तर साइटला पैसे रोखायला आयतं कारण मिळतं आणि तक्रारीतही तुमची बाजू लंगडी पडते.

मग मोठं काही टाकायच्या आधी छोटी चाचणी घ्या. कमीत कमी रक्कम टाका, थोडं खेळा, आणि पैसे काढा. किती दिवस लागले, सपोर्टने काय उत्तर दिलं, कुठली कागदपत्रं मागितली, सगळं त्यातून कळतं. यापेक्षा खात्रीची परीक्षा मला माहीत नाही. विड्रॉल पेंडिंग असताना मात्र बऱ्याच साइटवर शेजारी "रद्द करा" असं बटण असतं, त्याकडे बघूही नका, रात्री कंटाळा आला की माणूस ते दाबतो आणि काढलेले पैसे परत टेबलावर जातात. विड्रॉल लॉक करायची सोय असेल तर आधीच चालू करा, नसेल तर सपोर्टला लॉक करायला सांगा.

साइटची तब्येत बिघडतेय हे बऱ्याचदा आधी दिसतं. डिपॉझिट मिनिटात होतं पण विड्रॉलला दिवसांचे आठवडे होतात, मर्यादा अचानक खाली येते, खेळाडूंनी एकमेकांना पैसे पाठवायची सोय बंद होते, दर वेळी पेमेंट प्रोसेसर (पैशांची ने-आण करणारी कंपनी) बदलतोय हेच उत्तर मिळतं आणि त्याच वेळी मोठमोठ्या डिपॉझिट बोनसच्या ऑफर येत राहतात. लॉक पोकर या साइटवर खेळाडूंना बराच काळ पैसे मिळत नव्हते, लोक आपला बॅलन्स पडत्या भावात एकमेकांना विकत होते, आणि २०१५ मध्ये साइटच गेली. बॅलन्स पडत्या भावात विकला जाताना दिसला तर साइटकडचं तुमचं येणं तेवढ्याच किमतीचं उरलंय असं धरा, नवीन डिपॉझिट त्याच क्षणी बंद, आणि काढता येईल तेवढं, मर्यादेच्या आत तुकडे करून का होईना, काढायला लागा.

आणि अडकलेच तर? आधी चिडू नका, चॅटवर भांडून काही हाती लागत नाही, मी ते करून बसलोय. विड्रॉलचा नंबर, तारीख, रक्कम, बॅलन्सचा स्क्रीनशॉट, व्यवहारांची यादी आणि हँड हिस्टरी (खेळलेल्या डावांची नोंद) आधी उतरवून घ्या कारण खातं बंद झालं तर आत शिरता येत नाही. चॅटपेक्षा ईमेल बरा, एकाच ईमेलच्या साखळीत सगळं ठेवा, आणि प्रश्न असा विचारा की उत्तर टाळता येणार नाही: कुठल्या अटीखाली रोखलंय, माझ्याकडून नक्की कुठला कागद हवाय, किती तारखेपर्यंत निर्णय होईल. संगनमत केल्याचा किंवा बॉट (माणसाऐवजी खेळणारा प्रोग्राम) वापरल्याचा आरोप असेल तर चौकशीला वेळ लागतो हे धरून चाला, पण आरोप काय आहे ते लेखी मागा. ठरलेली मुदत गेली की "अधिकृत तक्रार" हे शब्द विषयात घालून लिहा, त्याचं अंतिम उत्तर आलं किंवा मुदतीत आलंच नाही तर साइटच्या अटींमध्ये दिलेल्या तंटा सोडवणाऱ्या संस्थेकडे, आणि लायसन्स देणाऱ्या नियामकालाही कळवा. लायसन्स नंबर नियामकाच्याच वेबसाइटवर तपासा, पोकर साइटच्या तळाशी लावलेलं चित्र कुणीही लावू शकतं.

कार्ड कंपनीकडे डिपॉझिट उलटवायची मागणी करण्याआधी मात्र दोनदा विचार करा, खेळून हरलेल्या पैशांसाठी तसं केलं तर फसवणूक तुम्हीच केली असं ठरतं आणि साइट उरलेला बॅलन्सही गोठवते.

पैसे सोडवायला आधी कर भरा, आधी फी भरा, अजून एक डिपॉझिट करा असं कुणी म्हणालं तर एक पैसाही देऊ नका, मग ते साइटच्या नावाने आलेलं असो की पैसे परत मिळवून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून. खरी फी बॅलन्समधून कापून घेता येते, त्यासाठी बाहेरून पैसे मागायची गरजच नसते. असे मेसेज पैसे अडकल्याची तक्रार उघडपणे लिहिली की दुसऱ्याच दिवशी यायला लागतात, मला तीन आले होते, म्हणून तक्रार लिहिताना युजरनेम, विड्रॉल नंबर आणि रक्कम झाकूनच टाका.