आठवड्याची हाडांची गोळी कशी घ्यावी

आईला ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी मी दर रविवारी देते. उठल्याबरोबर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा, दूध काही नको. पोटात दुसरं काही असलं की आधीच जेमतेम शोषली जाणारी ही गोळी वायाच जाते. चघळायची नाही. मग अर्धा तास खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, म्हणून आई खुर्चीत ताठ बसते आणि मी शेजारी.

कॅल्शियमची गोळी मात्र जेवणानंतरच. हाड झिजवणाऱ्या पेशींना ॲलेंड्रोनेट आवरतं, पण हाड भरायला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना या गोळीबद्दल आधी सांगा.